कॅन्सर कामाचा, ठपका मात्र रक्तावर!

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत आपल्या वस्त्यांतली पोरे राबतात. कुणी रंग मारतो, कुणी सोल्युशनने चिकटवतो, कुणी थिनरने छपाईचे रूळ पुसतो. हातमोजे नाहीत, हवा नाही. अशा कामगाराला पुढे रक्ताचा कॅन्सर झाला आणि आम्ही भरपाईचा दावा लावला, की समोरून ठरलेला सवाल येतो : शेजारी बसणाऱ्याला का झाला नाही? याच्याच रक्तात खोट असणार!

या सवालात अर्धे सत्य आहे, म्हणूनच तो घातक आहे. पेट्रोलमध्ये असणारे आणि सोल्युशन-थिनरमध्येही सापडणारे बेंझिन श्वासातून शरीरात जाते. तिथे त्याची विषारी द्रव्ये बनतात आणि रक्त तयार करणाऱ्या पेशींच्या डीएनएला इजा करतात. शरीरातली काही विकरे हे विष बनवतात, काही ते निकामी करतात. त्यांचा जोर जन्मतःच माणसागणिक वेगळा. १९९७ साली शांघायच्या कामगारांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विष झपाट्याने बनवणाऱ्या, पण निकामी करू न शकणाऱ्या कामगारांना बेंझिनबाधेचा धोका सातपटीहून अधिक आढळला. पण हे सारे बेंझिनच्या वाफेत काम करणारे होते! वाफच नसती तर ते जनुक काय करणार होते?

मुंबईतल्याच एका ॲस्बेस्टॉस गिरणीत १८१ कामगार तपासले गेले. २००५ साली निष्कर्ष छापून आला : ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस. उरलेल्या १४० जणांकडे बोट दाखवून धूळ निर्दोष ठरते काय?

अमेरिकेत बर्लिंग्टन नॉर्दर्न सांता फे या रेल्वे कंपनीने मनगटाच्या दुखण्याची भरपाई मागणाऱ्या कामगारांची गुपचूप जनुकीय तपासणी चालवली होती. सरकारी आयोगाने २००१ साली तिला कोर्टात खेचले. २००२ मध्ये २२ लाख डॉलर मोजून कंपनीने तडजोड केली. २००८ साली तिथे जनुकांवरून नोकरीत भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्या या देशात हे हत्यार कुणावर चालेल, हे आम्ही सांगायला हवे काय?

जे आहे ते तरी वापरू या. १९२३च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बेंझिनचे आजार होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहेत. एका मालकाकडे अशा कामावर सलग सहा महिने राबलेल्याला तो आजार जडला, तर तो कामातूनच झाला असे धरायचे. तसे नाही, हे सिद्ध करणे मालकाचे काम.

अडचण अशी की गाळ्यातल्या पोराकडे सहा महिन्यांचा कागदच नसतो. म्हणून पगाराची चिठ्ठी, हजेरीचा आणि डब्यावरच्या लेबलाचा फोटो आजच जपून ठेवा. इस्पितळाच्या केसपेपरवर व्यवसाय म्हणून नुसते 'मजुरी' लिहू देऊ नका. कोणते रसायन, किती वर्षे, हे डॉक्टरांना लिहायला लावा.