मनगटाएवढी फांदी

मे महिन्याच्या अखेरीस रायपुरात संध्याकाळी अंधड सुटतं. आधी धूळ, मग दहा मिनिटं नुसता वारा, चार टपोरे थेंब, आणि लगेच सगळं शांत. तेलीबांधा तलावाकाठी फिरायला आलेली माणसं आडोशाला पळतात आणि मागच्या गल्ल्यांतल्या जुन्या घरांतले लोक टॉर्च घेऊन बारीत उतरतात, काय मोडलं ते बघायला. बारी म्हणजे घरामागची परसबाग. शब्द छत्तीसगडी, पण आमच्यासारख्या इथल्या मराठी घरांत तो कधीच मुरला आहे.

अशाच एका संध्याकाळी आमच्या आंब्याची फांदी अर्धवट मोडून लटकलेली सापडली. मोडताना तिने खोडाची हातभर साल सोलून खाली आणली होती. वाऱ्याला दोष द्यावा तर वारा फार नव्हता. सकाळी नीट पाहिलं तेव्हा कळलं की ही मुळातली फांदीच नव्हती. चार वर्षांपूर्वी छाटणीला आलेल्या माणसाने विचारलं होतं, "पूरा छाँट दूँ क्या?" आणि पुन्हा पुन्हा कोण बोलावणार, म्हणून आम्ही हो म्हटलं होतं. टंगियाने, म्हणजे इथल्या कुऱ्हाडीने, त्याने झाडाचा माथाच उतरवला. त्या थोटकांच्या कडेने पुढे धुमारे फुटले, भराभर वाढले, मनगटाएवढे जाड झाले. पण असा धुमारा सालीखालच्या वरच्या थरातून निघतो. खऱ्या फांदीचं लाकूड जसं वर्षानुवर्षं खोडाच्या लाकडात गुंफत जातं, तशी त्याची मुळं आत गेलेली नसतात. वजन वाढलं की तो उपटून येतो.

घरात छोटी बॅटरीवर चालणारी करवत आली ती यानंतर. दरवर्षी थोडं थोडं, आपल्या हाताने आणि झाडाकडे बघून कापायचं, एवढाच विचार होता. आता आजूबाजूच्या बऱ्याच घरांत हे यंत्र दिसतं. बाजारात त्याला मिनी चेनसॉ म्हणतात, काही दुकानदार नुसतं 'लकड़ी कटर' म्हणतात. माझं म्हणणं एवढंच आहे की हे काम करायला फार चांगलं यंत्र आहे, आणि ते आकाराने लहान असल्यामुळे लोक त्याला जेवढं हलकं घेतात, तेवढं ते हलकं नाही.

करवत आणि झाड यांच्या नात्यात माणसाच्या दमाला पूर्वी मोठी जागा होती. 1900 साली सुरू झालेली रायपूर-धमतरी छोटी रेल्वे तेलीबांध्यावरूनच जायची. ती गाडी सुरू झाली त्या काळात जंगलातलं लाकूड कापलं जायचं ते कुऱ्हाडीने, नाहीतर दोघांनी दोन बाजूंनी ओढायच्या करवतीने. 1926 मध्ये जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी विजेवरची साखळी करवत बनवली, तीही उचलायला दोन माणसं लागत. आज तीच गोष्ट किलो-सव्वा किलोची होऊन एका हातात मावते. हाताच्या करवतीने फांदी कापताना दहा वेळा थांबावं लागायचं आणि त्या थांबण्यात विचार व्हायचा. आता आठ सेकंदांत फांदी खाली पडते. विचार सगळा खटका दाबण्याआधीच करून ठेवावा लागतो.

आधी विकत घेण्याबद्दल, कारण तिथे लोक हमखास फसतात. एका डब्यावर 18 व्होल्ट, दुसऱ्यावर 20, तिसऱ्यावर 21 लिहिलेलं असतं आणि किंमत त्याप्रमाणे चढत जाते. तिन्हींच्या आत बहुधा एकच असतं: एकापुढे एक जोडलेले पाच लिथियम-आयन सेल. एका सेलचा सरासरी दाब 3.6 व्होल्ट, पाचांचा 18. पूर्ण चार्ज झालेला सेल 4.2 व्होल्ट दाखवतो, पाचांचे 21. तेव्हा 48 किंवा 88 असा आकडा छापलेली पण तळहातावर मावणारी बॅटरी दिसली, तर आकडा सोडून द्यावा आणि आत सेल किती आहेत ते विचारावं. खरा उपयोगाचा आकडा अँपियर-तासांचा. 18 व्होल्ट आणि 2 अँपियर-तास म्हणजे 36 वॅट-तास. लाकडात घुसलेली मोटर साधारण चारशे वॅट ओढते असं धरलं, तर सलग पाच-साडेपाच मिनिटं. ऐकायला थोडं वाटतं, पण एका फांदीला आठ सेकंद लागले तर चाळीस काप होतात. घरच्या बारीला तेवढे पुष्कळ झाले.

उन्हाचं मात्र इथे सांगायलाच हवं. लिथियम सेल 45 अंशांच्या वर चार्ज करू नयेत असा साधारण नियम आहे आणि मे महिन्यात रायपूरची हवाच तिथवर जाते. कामाने तापलेली बॅटरी तशीच चार्जरला लावू नये. ती पंख्याखाली अर्धा तास ठेवावी. गच्चीवरच्या खोलीत, उन्हात उभ्या गाडीत ती कधीच ठेवू नये. पावसाळाभर यंत्र बंद राहणार असेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवावी. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी बॅटरी लवकर म्हातारी होते.

आता साखळी. ती एकदा बॅटरी काढून, नीट उजेडात, चष्मा लावून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक कापणाऱ्या दाताचा माथा बाजूला वळलेला असतो, एक डावीकडे, पुढचा उजवीकडे. दातापुढे एक बुटका उंचवटा असतो. दाताने एका वेळी किती खोल चावायचं ते तो ठरवतो. ही रचना एका अळीकडून आलेली आहे. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात जोसेफ बुफर्ड कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. तेव्हाच्या साखळ्यांचे दात लाकूड ओरबाडायचे आणि सतत बोथट व्हायचे. एका ओंडक्यात त्याला भुंग्याची अळी दिसली, लाकडाच्या रेषेची पर्वा न करता आरपार खात निघालेली. तिचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले होते, आणि ती एक घास डावीकडून, एक उजवीकडून घेत होती. कॉक्सने तसेच दात पोलादात घडवले आणि 1947 मध्ये ती साखळी विकायला काढली. आपल्या हातातल्या चार इंची करवतीतही दातांची मूळ कल्पना तीच आहे.

हे दात धारदार आहेत की नाही हे भुशावरून कळतं. धार असेल तर खाली बारीक कपच्या पडतात, नखाच्या तुकड्यासारख्या. पीठ पडायला लागलं की साखळी बोथट झाली. तेव्हा माणूस यंत्र जोराने दाबायला लागतो, आणि अपघात तिथेच होतात. या छोट्या साखळीला बहुधा 4 मिलिमीटरची गोल कानस लागते. आतून बाहेर, एकाच दिशेने, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात. तेलाचंही तसंच. मोठ्या करवतीत तेल आपोआप सुटतं. या लहान यंत्रांपैकी पुष्कळांत ती सोय नसते, असली तरी वरचं बटण दाबायचं असतं. दर चार-पाच कापांनंतर साखळीवर तेलाचे थेंब सोडावेत. स्वयंपाकघरातलं तेल घालू नये. ते वाळून चिकट होतं आणि भुसा धरून बसतं. मी एकदा तेल न घालता शेवग्याच्या, म्हणजे इथल्या भाषेत मुनग्याच्या, चार फांद्या सलग कापल्या. मुनग्याचं लाकूड ओलं, बुळबुळीत, तंतुमय. झाकणाखाली त्याचा लगदा साठला, साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी निळसर पडली आणि करपलेल्या पानांसारखा वास आला. नवी साखळी त्या एका दुपारी गेली.

साखळीचा ताण कामाला सुरुवात करण्यापूर्वी दर वेळी बघावा. पट्टीच्या मधोमध चिमटीत धरून उचलली तर ती दोन-तीन मिलिमीटर वर यावी, पण खालचे दाते खाचेतून बाहेर पडू नयेत. नवी साखळी पहिल्या अर्ध्या तासात सैल पडतेच. आणि साखळीला हात लावायचा तो बॅटरी काढून बाजूला ठेवल्यावरच. हे वाक्य मी घरात दहादा म्हणतो.

धोक्याचं मूळ पट्टीच्या टोकाला आहे. साखळी वरच्या बाजूने पुढे पळते आणि टोकाला वळून खाली येते. त्या टोकाचा वरचा अर्धा भाग कशाला टेकला, तर दात कापायच्या ऐवजी अडकतात आणि सगळा जोर उलटा फिरून करवत वर, माणसाकडे उसळते. मोठ्या यंत्रात पट्टी लांब असते, टोक कामापासून दूर राहतं, शिवाय उसळी आली की साखळी थांबवणारा ब्रेक असतो. इथे पट्टीच चार इंच, म्हणजे जवळजवळ निम्मी पट्टी टोकच आहे, आणि ब्रेक बहुतेकांत नसतो. साखळी सेकंदाला पाच-सात मीटर पळत असते. डोळ्यांची पापणी लवेपर्यंत ती बोटांवरून जाऊन पुढे गेलेली असते.

करवत एका हातात मावते म्हणून दुसरा हात मोकळा राहतो, आणि मोकळा हात फांदी धरायला जातो. जखमी होतो तो तोच डावा हात. धरायला जागा असेल तर दोन्ही हात यंत्रावरच ठेवावेत. नसेल तर दुसरा हात पाठीमागे. डोळ्यांना चष्मा, पायात बंद बूट, बाही घट्ट. ओढणी, पदर, सैल कुर्ता या गोष्टी साखळी क्षणात ओढून घेते. शिडीवर चढून हे यंत्र चालवू नये. छाटणीची फांदी विजेच्या तारेजवळून जात असेल, तर ते काम आपलं नाही, वीज कंपनीला कळवायचं. अंधडानंतर वाकून ताणलेल्या फांदीला तर फार जपावं. तिची आतली बाजू दबलेली असते आणि बाहेरची ताणलेली. आधी दबलेल्या बाजूने थोडी खाच घ्यायची, मग ताणलेल्या बाजूने हळूहळू. उलट केलं तर पट्टी चिमटते किंवा फांदी फटकन तोंडावर येते.

आणि कापायचं कुठे? हे समजून घ्यायला मला या यंत्राहून जास्त वेळ लागला. अमेरिकेच्या वनखात्यात 1959 मध्ये अ‍ॅलेक्स शिगो रुजू झाले. एका माणसाला पेलणारी चेनसॉ तेव्हा नुकती हाताशी आली होती. तिच्या मदतीने त्यांनी झाडं आडवी कापण्याऐवजी उभी, लांबीत चिरून पाहिली, आयुष्यभरात सुमारे 15 हजार. जुन्या जखमांचं आत काय होतं ते त्यात दिसलं. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंती घालतं, कुजकं लाकूड तिथेच कोंडतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. त्यासाठी लागणारी तयारी फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्यात असते. आंब्यावर हे कडं सुरकुतलेल्या अंगठीसारखं स्पष्ट दिसतं. खोडाला चाटून कापलं की कडं जातं. लांब थोटूक ठेवलं की ते कुजतं आणि कूज आत शिरते. काप घ्यायचा तो कड्याच्या अगदी बाहेर.

त्याआधी फांदीचं वजन उतरवायचं. खोडापासून वीतभर अंतरावर खालून पाव जाडी कापायची. मग त्याच्या दोन-तीन बोटं पुढे वरून कापायचं. फांदी पडते, पण साल सोलत खाली येत नाही, खालच्या खाचेशी अडते. उरलेलं हलकं थोटूक मग कड्याबाहेर सावकाश काढायचं. जखमेवर इथे गेरू-चुना फासतात, बागायतदार बुरशीसाठी बोर्डो पेस्ट लावतात. शिगोंना लेपाने कुजणं थांबलेलं दिसलं नव्हतं. मी लेप लावत नाही, पण बोर्डो लावणाऱ्याशी भांडतही नाही. जागा चुकली असेल तर कुठलाच लेप पुरत नाही.

वेळेचं थोडक्यात. पेरू आणि पानं झडलेलं बोर मे महिन्यात, आंबा फळं उतरल्यावर लगेच, मुनगा शेंगा संपल्यावर. घरटं असेल तर थांबायचं. मनगटाहून जाड फांदी, खांद्याच्या वरची फांदी आणि अख्खं झाड पाडणं, ही कामं जाणकार माणसाची. पाडण्याआधी पालिकेत विचारायला हवं. शेजारच्या महाराष्ट्रात तर नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 पासून कायदाच आहे.

आता छाटणीला माणूस आला की मी त्याच्यासोबत झाडाखाली उभा राहतो आणि कडं बोटाने दाखवतो. गेल्या वेळी त्याने खडूने स्वतःच खूण केली, मग टंगिया बाजूला ठेवून करवत मागितली. आंब्याच्या त्या सोललेल्या जखमेच्या दोन्ही बाजूंनी यंदा नवी साल चढली आहे, ओठांसारखी जाड, फिकट तपकिरी. मधे अजून तीन बोटं उघडं लाकूड आहे. खालच्या टोकाला मुंग्यांची ये-जा दिसते, तिथे मात्र साल पुढे सरकलेली नाही.