आधी पेटी उघडा, मग टर्नटेबल घ्या

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांनी गायली आणि एचएमव्हीने तिची तबकडी काढली. मराठी भावगीताचा आरंभ अनेक जाणकार याच तबकडीपासून धरतात. ना. घं.ना पुढे 1986 मध्ये 'खूणगाठी'साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण त्यांचे शब्द कविता न वाचणाऱ्यांच्या घरातही पोचले ते या तबकडीमुळे. आज नवशिक्यांसाठी म्हणून जी टर्नटेबलं सर्रास विकली जातात, त्यांतल्या अनेकांवर मात्र ती वाजत नाही. ती तबकडी मिनिटाला 78 फेरे घेते आणि या यंत्रांना 33 व 45 एवढेच दोन वेग असतात.

बुलढाणा जिल्ह्यात बसून टर्नटेबल निवडायचं तर सुरुवात इथून करावी लागते. कोणती कंपनी चांगली, हा प्रश्न नंतरचा. तुमच्याकडे कोणत्या तबकड्या आहेत किंवा कोणत्या मिळणार आहेत, हे आधी पाहा. परदेशी माहिती वाचून खरेदी करणाऱ्यांची इथेच फसगत होते. युरोप-अमेरिकेत 78 चा जमाना 1960 च्या सुमारास संपला, त्यामुळे तिकडचा नवशिका 78 च्या तबकड्यांचा विचारही करत नाही. आपल्याकडे त्या 1960 च्या संपूर्ण दशकात निघत राहिल्या. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात 78 वर निघाली होती. म्हणजे आजोबांच्या पेटीत जुन्या हिंदी सिनेमाची किंवा नाट्यसंगीताची तबकडी सापडली, तर ती 78 ची असण्याची शक्यता पुष्कळ.

ओळखायला सोपी. दहा इंची, जाड, वजनदार, हातातून पडली तर फुटणारी तबकडी लाखेची. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यांची राळ. बारा इंची, किंचित लवणारी एलपी असते. ती मिनिटाला 33⅓ फेरे घेते. सात इंची छोटी बहुधा 45 ची ईपी. बहुधा म्हणायचं कारण असं की आपल्याकडे 'सुपर 7' नावाच्या सात इंची तबकड्याही निघाल्या आणि त्यांचा वेग 33⅓ होता. म्हणून आकारावर जाऊ नका, मधल्या कागदावरचा आकडा वाचा.

आपल्या भागात या तबकड्या दोन वाटांनी येतात. काही वकील, मास्तर, कापसाचे व्यापारी अशांच्या घरच्या. बाकीच्या लाऊडस्पीकरवाल्यांच्या आणि बिछायत केंद्रांच्या. लग्नात, जत्रेत, गणपतीत भोंग्यावर वाजलेल्या या दुसऱ्या तबकड्यांवर जड पिना वर्षानुवर्षं फिरल्या आहेत. त्यांच्या खाचा आधीच झिजलेल्या असतात. उजेडात तिरपी धरा. मूळ चकाकी जाऊन खाचा राखाडी दिसत असतील, तर ती तबकडी घासली गेली आहे. कोणतंही महागडं यंत्र ती झीज भरून काढणार नाही. पण जे उरलंय ते आणखी घालवायचं की सांभाळायचं, हे मात्र यंत्रावर ठरतं. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. हिंदी सिनेमाच्या गाजलेल्या एलपी पुन्हा छापल्या जातात; एखाद्या शाहिराची किंवा विस्मरणात गेलेल्या नाट्यगायिकेची तबकडी पुन्हा निघण्याची आशा जवळपास नाही. मुंबईत 1990 मध्ये सुरू झालेली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' अशा तबकड्यांच्या नोंदी ठेवण्याचं काम करत आली आहे. त्या नोंदीतल्या कित्येक तबकड्यांच्या मोजक्याच प्रती उरल्या असतील, आणि त्यातली एखादी तुमच्या माळ्यावर असू शकते.

तेव्हा यंत्राचा जीव पिनेत आहे, हे लक्षात घ्या. एलपीची खाच केसापेक्षाही बारीक. तिच्यात फिरणाऱ्या हिऱ्याच्या साध्या पिनेचं टोक साधारण 18 मायक्रॉन त्रिज्येचं असतं. लाखेच्या तबकडीची खाच खूप रुंद, तिला साधारण 76 मायक्रॉनचं, म्हणजे चौपट जाड टोक लागतं. एलपीची पिन 78 वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी, धुळीत आणि कचऱ्यात घसटत जाते. गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते आणि पिनही खराब होते. उलट 78 ची पिन एलपीवर टेकवली तर खाचेच्या कडा जातात. हे नुकसान परत भरून येत नाही.

दुसरी गोष्ट पिनेच्या दाबाची. चांगल्या कार्ट्रिजची, म्हणजे पिन ज्यात बसवलेली असते त्या भागाची, पिन तबकडीवर 2 ग्रॅमच्या आसपास दाब देते. नवशिक्यांच्या बऱ्या यंत्रांवर हा दाब 3 ग्रॅमपर्यंत जातो. बॅगेसारखी उघडणारी, रंगीत, आतच स्पीकर असलेली स्वस्त यंत्रं दिसायला गोड असतात, पण त्यांची सिरॅमिक कार्ट्रिज 5-6 ग्रॅमनी तबकडीवर रेलते. दाब कमी करायची सोय बहुधा नसते. शिवाय त्याच पेटीतल्या स्पीकरचा हादरा पिनेला बसतो. नवी, पुन्हा मिळू शकणारी एलपी वाजवायला हवं तर घ्या. आजोबांची तबकडी त्यावर ठेवू नका, असं मी कळकळीनं सांगेन. पैसे कमी असतील तर सहा महिने थांबा, तोवर तबकड्या धुऊन, पुसून, उभ्या लावून ठेवा. त्या कुठं पळून जात नाहीत.

मग घ्यायचं काय? पेटीत फक्त एलपी आणि ईपी असतील तर ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी60एक्ससारखं साधं, पट्ट्यावर चालणारं, पूर्ण स्वयंचलित यंत्र पुरतं. बटण दाबलं की दांडी आपोआप तबकडीवर उतरते, बाजू संपली की परत जाते. थरथरत्या हातांच्या आजीलाही ते वाजवता येतं, आणि मला ही फार मोठी सोय वाटते. पेटीत 78 असतील तर तीन गोष्टी बघाव्याच लागतात: 78 चा वेग, पिनेचा दाब बदलता येणारी दांडी आणि बदलता येणारी पिन. त्याच कंपनीच्या एटी-एलपी120एक्समध्ये तिन्ही मिळतात. त्याच्यासोबत येणाऱ्या व्हीएम95 मालिकेच्या कार्ट्रिजमधून पिन हातानं ओढून काढता येते आणि त्याच मालिकेतली 78 ची पिन तिथं बसवता येते. प्रत्येक पिनेचा दाब वेगळा, तो तिच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. पिन बदलली की दांडीमागचं वजन नव्यानं लावायचं. पट्टा बरा की थेट मोटर बरी, या वादात नवशिक्यानं वेळ घालवू नये. टेक्निक्सचं थेट मोटरवालं एसएल-1200 हे 1972 पासूनचं यंत्र 2010 मध्ये बंद झालं, 2016 मध्ये परत आलं आणि आजही त्याला मान आहे. पट्टेवाली यंत्रंही तितक्याच मानानं नांदतात.

घरात एचएमव्हीचं जुनं फिएस्टा किंवा तसलं यंत्र असेल तर ते टाकू नका, पण त्यावर एलपी वाजवायची घाईही करू नका. त्या काळच्या बऱ्याच यंत्रांत क्रिस्टल कार्ट्रिज असे. हा क्रिस्टल उष्णतेनं आणि दमटपणानं मरतो. मलकापूर-नांदुऱ्याच्या उन्हाळ्यात टिनाखाली काढलेल्या वर्षांनंतर तो जिवंत असणं कठीण. चावी भरायच्या ग्रामोफोनवर तर फक्त लाखेच्याच तबकड्या, आणि प्रत्येक बाजूला नवी पोलादी पिन. जुन्या बाजारात 'अँटिक' म्हणून मिळणारे पितळी कर्ण्याचे चकचकीत ग्रामोफोन अनेकदा सुट्या भागांतून अलीकडे जुळवलेले असतात; शोभेला ठीक, तबकडीला घातक.

आता विजेकडे. परदेशातल्या नातेवाइकानं यंत्र पाठवलं तर त्याच्या पाठीवरचा आकडा वाचा. अमेरिकेत वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झची. आपली 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवता येतं, हर्ट्झ जुळत नाहीत. जुन्या यंत्रांच्या मोटरचा वेग हर्ट्झवरच ठरतो, त्यामुळे 33⅓ ची तबकडी मिनिटाला 28 फेऱ्यांच्याही आत रेंगाळते. काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारच्या आसपास उतरते आणि ठेका ढासळतो. पेटीवादक लगेच ओळखतील. इतरांना नुसतं गाणं आजारी वाटेल. अशा मोटरची पुली 50 हर्ट्झची मिळाली तरच यंत्र कामाचं. हल्लीची बहुतेक यंत्रं अॅडॉप्टरवर चालतात, त्यांना ही अडचण नाही. अॅडॉप्टरवर 100-240 व्होल्ट छापलेलं आहे ना, एवढं पाहा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसेल तर गाण्याखाली गुणगुण येऊ शकते. अर्थिंग नसलेल्या जुन्या वाड्यांतही तेच होतं. टर्नटेबलाची बारीक अर्थची तार अॅम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडलेली असावी.

गाणं पत्र्यावर वाजल्यासारखं, तळ नसलेलं येत असेल तर दोष बहुधा जोडणीत असतो. पिनेतून येणारा आवाज काही मिलिव्होल्टचा. तबकडी कापतानाच खर्ज कमी आणि वरचे स्वर जास्त ठेवलेले असतात. ते मूळपदावर आणून आवाज वाढवणाऱ्या भागाला फोनो प्रीअॅम्प म्हणतात. बऱ्याच नव्या यंत्रांत तो आतच असतो. मागं 'फोनो' आणि 'लाइन' असा खटका असेल तर साध्या स्पीकरसाठी किंवा 'ऑक्स'साठी 'लाइन' ठेवा.

यंत्र घरी आलं की ते कडप्प्याच्या फळीवर किंवा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवा, स्पीकर दुसरीकडे. जुनं यंत्र विकत घेत असाल तर विकणाऱ्याच्या समोरच वेग तपासा: तबकडीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजा. 33⅓ वर तीन मिनिटांत बरोबर शंभर व्हायला हव्यात. पिन किती वाजली आहे हे विकणाऱ्याला ठाऊक नसेल तर नव्या पिनेचे पैसे किमतीतच धरा. हिऱ्याची पिनसुद्धा पाचशे ते हजार तासांत संपते.

काळ्या मातीची धूळ आपल्याकडे बारा महिने. वाजवण्याआधी दरवेळी कार्बन फायबरचा ब्रश तबकडीवरून फिरवा. एलपी फारच मळली असेल तर डिस्टिल्ड वॉटरनं, मधला कागद न भिजवता पुसा. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही औषध लावू नका. लाख त्यात विरघळते आणि गाणं फडक्याला लागून जातं.