सुईपुढची डोंगरी

पावसाळा लागला की गेटवेच्या लाँच बंद होतात आणि मांडवा गाव एकदम निवांत होतं. अशाच एका दुपारी भाच्याची जीन्स चार बोटं आखूड करायला मी आईच्या जुन्या पायमशीनवर बसले. जादाचं कापड कापलं, खालची कड दोनदा दुमडली, टाचण्या लावल्या, टीप सुरू केली. वीतभर अंतर सुरेख गेलं. मग पायाच्या आतल्या बाजूची जाड शिवण आली. मशीन अडखळलं, तीन टाके सुटले आणि टक् असा आवाज होऊन सुईचं टोक उडालं.

दुसरी सुई लावली. तीही त्याच जागी गेली.

शेवटी ती पँट आणि कापलेल्या पट्ट्या पिशवीत घालून शिंपीकाकांकडे गेले. त्यांनी ती शिवण अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरली आणि म्हणाले, "ताई, सपाटीवर कुणीही शिवेल. हा डोंगर आलाय. तो चढवायला लागतो."

डोंगर हा शब्द माझ्या डोक्यात अडकून बसला. घरी येऊन मी तो मोजायला घेतला.

जीन्सच्या पायाची एक शिवण साधी नसते. दोन हातांची बोटं वाकवून एकमेकांत गुंतवावीत तशा दोन्ही कापडांच्या कडा एकमेकींत अडकवतात आणि वरून दोन समांतर टिपा मारतात. कापलेली कड आत कोंडली जाते, म्हणून तिथे सूत सुटत नाही आणि ओढाताणीत ती शिवण उसवतही नाही. गलबतांच्या शिडांच्या पट्ट्याही अशाच एकमेकींवर चढवून दोन्ही कडांनी शिवत असत, कारण तिथे माणसाच्या मांडीऐवजी वारा ताण देत असे. या शिवणीत कापडाचे चार थर असतात. खालची कड दोनदा दुमडली की एका थराचे तीन होतात. चार त्रिक बारा. एक थर पाऊण मिलीमीटरचा धरला तर ते झाले नऊ मिलीमीटर, आणि तिला लागूनच असलेल्या सपाटीवर फक्त सव्वादोन. एखाद-दुसऱ्या टाक्याच्या अंतरात सुईपुढे कडा उभा राहतो.

सुई मोडते ती नुसत्या जाडीमुळे, असं मला वाटायचं. खरी गोष्ट त्याहून फार सुंदर आहे.

हाताच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं अणीपाशी. अमेरिकेत एलायस हौ यांना १८४६ मध्ये ज्या मशीनचं पेटंट मिळालं, त्यात अणीपाशी नेढं असलेली सुई होती आणि खालून येणारा दुसरा दोरा होता. आजही घरोघरची मशीनं त्याच युक्तीवर चालतात. सुई दोरा घेऊन कापडाखाली उतरते, तळाशी पोचते आणि जेमतेम दोन मिलीमीटर वर येते. सगळा खेळ त्या दोन मिलीमीटरमध्ये आहे. सुई वर सरकते, पण कापडाने आवळून धरलेला दोरा तिच्याबरोबर सरकू शकत नाही. मग तो सुईच्या पाठीशी फुगतो आणि त्याचा एक इवलासा फास तयार होतो. नेमकं त्याच वेळी कापडाखाली फिरणाऱ्या शटलचं टोक येऊन त्या फासात शिरतं, तो फास ओढून खालच्या दोऱ्याच्या बॉबिनीभोवती फिरवतं आणि वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकतो. टाका पडला! शटलच्या टोकाला सुईच्या अगदी जवळून जाता यावं म्हणून सुईच्या पाठीला, नेढ्याच्या जरा वर, एक खोलगट खाच दिलेली असते. नवी सुई घेऊन नख फिरवून पाहा, ती खाच नखाला लागते. मी इतकी वर्षं शिवते आहे, आणि माझ्या मशीनखाली मिनिटाला शेकडो फास असे जन्मतात नि पकडले जातात, हे मला ठाऊक नव्हतं.

आता डोंगराच्या चढावर काय होतं ते बघा. कापड दाबून धरणारा फूट शिवणीवर चढताना नाकाडाने वर उचलला जातो. त्याच्याखालचं कापड सैल पडतं. सुई वर येऊ लागली की कापडही तिला चिकटून वर येतं, दोरा फुगत नाही, फास होत नाही, शटल रिकाम्या जागेतून फिरून जातं. टाका सुटला तो असा. शिवाय तिरप्या चढावर घुसताना सुई बाजूला ढकलली जाते. केसभर वाकली तरी ती खालच्या लोखंडी पट्टीच्या भोकात न जाता तिच्या कडेवर आपटते. टक्! माझी सुई होती १४ नंबरची. पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं, त्यातला ९० हा आकडा सुईची जाडी सांगतो, म्हणजे ०.९ मिलीमीटर. १६ नंबरची सुई बरोबर एक मिलीमीटरची. काकांनी लावली १८ नंबरची.

पण मुळात हे कापड इतकं हट्टी का? त्याचं उत्तर भिंगाखाली दिसतं. साध्या सुती कापडात धागा एक वर, एक खाली असा जातो. डेनिममध्ये ताण्याचा, म्हणजे उभा, धागा बाण्याच्या, म्हणजे आडव्या, तीन धाग्यांवरून जातो आणि एकाखालून, आणि शेजारचा धागा हेच एक घर सरकून करतो. त्या सरकण्यामुळे कापडावर तिरप्या रेघा उमटतात, नांगरलेल्या शेतासारख्या. धागे कमी वेळा एकमेकांना ओलांडतात, म्हणून ते जास्त दाटीने बसवता येतात. १४ औंस म्हणून विकल्या जाणाऱ्या डेनिमचं एक चौरस मीटर पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरतं. ताणा निळा आणि बाणा पांढरा, म्हणून पँट बाहेरून निळी आणि उलटी केली की पांढरट.

कापलेल्या पट्टीच्या कडेचा एक निळा धागा मी उपसला, कात्रीने आडवा कापला आणि त्याचं टोक भिंगातून पाहिलं. आत पांढरा! वरून पातळ निळी साल आणि मधे कोरा कापूस. नीळ पाण्यात विरघळत नाही. रंगाच्या हौदात तिचं रूप बदलणारी रसायनं टाकावी लागतात, तेव्हा ती पिवळट-हिरवट होऊन पाण्यात उतरते. सूत त्यात बुडवून वर काढलं की हवा लागते आणि डोळ्यांदेखत हिरव्याचं निळं होतं. मग पुन्हा बुडवायचं, पुन्हा हवा दाखवायची. अशा किती बुड्या दिल्या तरी नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत फारशी जात नाही, वरच्यावर बसते. म्हणून जिथे घासलं जातं तिथे साल निघते आणि पांढरं डोकावतं. जीन्स विटते असं आपण म्हणतो, पण ती खरं तर सोलली जात असते. भाच्याच्या पँटची जुनी दुमड मी उसवली तेव्हा आतली कड दुकानातून आणली त्या दिवसाइतकी गर्द होती, आणि बाहेरच्या कडेवर पिळासारख्या उंचवट्यांवर पांढरं, खळग्यांत निळं. तिथेही डोंगर आणि दऱ्याच! ही नीळ पूर्वी झाडाच्या पाल्यापासून होत असे. तिच्या सक्तीच्या लागवडीने चंपारणच्या शेतकऱ्यांचे जे हाल केले, त्यासाठी १९१७ मध्ये गांधीजी तिकडे गेले. तोवर कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात येऊन वीस वर्षं झाली होती. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने ती १८९७ मध्ये विकायला काढली होती.

आणि आता नावाची गोष्ट, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले.

डेनिम हे नाव फ्रान्समधल्या नीम शहरावरून आलं, जीन्स हे इटलीतल्या जेनोवा बंदरावरून. या कापडाच्या कपड्यांना इंग्रजीत तिसरंही नाव आहे, डंगरी. बाळांच्या छातीपर्यंत येणाऱ्या पट्टेवाल्या पँटला आपणही डंगरीच म्हणतो आणि तो इंग्रजी शब्द समजून म्हणतो. शब्दकोश त्याचं मूळ सांगतात ते मुंबईची डोंगरी! तिथे विकलं जाणारं जाडंभरडं, स्वस्त सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या लिखाणात डंगरी म्हणून येतं. सुरुवातीला ते निळं नव्हतं आणि तिरप्या विणीचंही नव्हतं, साध्याच विणीचं होतं. त्याची शिडं होत, तंबू होत, खलाशांचे आणि मजुरांचे कपडे होत. पुढे निळ्या जाड कापडाच्या कामाच्या पँटलाही जगभर तेच नाव चिकटलं.

मांडव्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की आभाळ मोकळं असताना पाण्यापलीकडे मुंबई दिसते. २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो बोट इथून गाड्या आणि माणसं घेऊन भाऊच्या धक्क्याला लागते, आणि तिथून डोंगरी किती जवळ! मी रोज ज्या किनाऱ्याकडे बघते तिथल्या एका टेकडीचं नाव कापडावर बसून जगभर फिरलं आणि परदेशी होऊन माझ्या मशीनखाली आलं. ज्यांनी ते नाव आधी उच्चारलं त्यांना ते कापड ज्या टेकडीपाशी मिळतं तिची ओळख पुरेशी होती. डोंगरी, छोटा डोंगर.

अमेरिकेत या पँटला तांब्याचे रिबीट बसवले ते एका शिंप्याने. जेकब डेव्हिस त्याचं नाव. नेवाडातल्या रीनो गावी तो तंबू आणि घोड्यांच्या झुली शिवत असे. एक बाई आपल्या लाकूडतोड्या नवऱ्यासाठी न फाटणारी पँट मागायला आल्या, तेव्हा झुलींसाठी आणलेले रिबीट त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. खिसा नेहमी कोपऱ्यातच फाटतो, कारण सगळा ताण शेवटच्या एका टाक्यावर येतो, आणि रिबीट तो ताण भोवतीच्या कापडावर पसरवतो. कापड ज्यांच्याकडून तो घेई त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्रॉस यांना भागीदार करून त्याने पेटंट काढलं, २० मे १८७३ रोजी.

आपल्याकडेही जीन्स गावोगावी नेण्यात शिंप्यांचा मोठा हात होता. १९९० च्या दशकात अहमदाबादच्या अरविंद मिल्सने 'रफ अँड टफ' नावाचं एक पाकीट बाजारात आणलं. आत डेनिमचं कापड, चेन, रिबीट आणि मागे लावायचा बिल्ला, किंमत दोनशे रुपयांच्या आसपास. पाकीट घ्यायचं आणि आपल्या शिंप्याकडे शिवायला टाकायचं. देशभरातल्या हजारो शिंप्यांमार्फत ती पाकिटं खेड्यापाड्यांत पोचली. तयार जीन्स ज्यांच्या आवाक्याबाहेर होती अशा किती मुलांच्या अंगावर पहिली जीन्स गावच्या शिंप्याच्या हातची आली! त्या शिंप्यांसमोर कॉलर नि काज यांच्यापेक्षा वेगळं काम येऊन पडलं होतं, आणि प्रत्येकाला तो बारा थरांचा डोंगर आपल्या मशीनवर स्वतःच चढायला लागला होता.

आमच्या काकांनी तो चढवला तो असा. आधी शिवण दगडावर ठेवून हातोडीने दमादमाने ठोकली. थर बाराचे बाराच राहिले, पण त्यांच्यातली हवा गेली आणि डोंगर दिसण्याइतका बसला. मग मेणबत्तीचा तुकडा शिवणीवर घासला, सुई सरकायला. टाका नेहमीपेक्षा मोठा केला, कारण जवळ जवळ टोचलं तर त्या भोकांच्या रांगेवरच कापड फाटतं. शिवणीपासून अर्ध्या बोटावर आल्यावर त्यांनी पायडलवरून पाय काढला, सुई कापडात रुतलेलीच ठेवली आणि फूट उचलला.

"कापलेली पट्टी आणलीत ना?"

मी दिली. ती त्यांनी घडीवर घडी घालून शिवणीइतकी जाड केली आणि फुटाच्या मागच्या बाजूखाली सरकवली. फूट खाली सोडला. तो पुढे शिवणीवर आणि मागे घडीवर टेकून अगदी आडवा झाला. मग त्यांनी चाक हाताने फिरवायला घेतलं, एकेक टाका. सुई शांतपणे आत गेली, वर आली, टाका पडला. माथ्यावर पोचल्यावर घडी मागून काढून पुढे ठेवली आणि तितक्याच सावकाश पलीकडे उतरले. एकही टाका सुटला नाही.

घडी मला परत देताना त्यांनी त्यांचा खण उघडून दाखवला. आत वेगवेगळ्या निळ्या रंगांच्या, कुठे विटलेल्या कुठे गर्द, तशाच कितीतरी घड्या होत्या.