सावली मोजणारी वास्तू, आभासी आकाशाखाली

जयपूरच्या जंतरमंतरमध्ये आलेला पर्यटक बहुधा बृहत् सम्राट यंत्रापाशी फोटो काढतो आणि हवामहालाची वाट धरतो. दोष त्याचा नाही. सुमारे २७ मीटर उंचीचा तो जिना आकाशाकडे का चढत गेला आहे, हे समजायला उन्हात बराच वेळ थांबून सावलीकडे पाहत राहावं लागतं. जिन्याची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. तिची सावली बाजूच्या वर्तुळखंडावर तासाला जवळजवळ चार मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. म्हणूनच या दगडी घड्याळात दोन सेकंदांपर्यंतची वेळ वाचता येते.

सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये जयपूर वसवलं आणि पुढच्या काही वर्षांत जंतरमंतर ही वेधशाळा उभी केली. त्याच्या दरबारातले पंडित जगन्नाथ सम्राट मूळचे महाराष्ट्रीय. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचं खगोलशास्त्र त्यांनी अरबीतून संस्कृतात आणलं. २०१० मध्ये युनेस्कोने ही वेधशाळा जागतिक वारसा ठरवली. पण वारसा ठरलं म्हणून यंत्र समजतंच असं नाही, आणि आभासी वास्तवाच्या (व्हीआर) तंत्राची खरी गरज मला इथेच दिसते.

जयप्रकाश यंत्रच घ्या. जमिनीत खोल दोन संगमरवरी अर्धगोल वाडगे, आणि त्यांवर ताणलेल्या तारांच्या छेदाची पडणारी सावली. वाडग्याच्या पृष्ठाच्या पट्ट्या कापून मधे वाटा सोडल्या आहेत, कारण रात्री ताऱ्याचा वेध घेणाऱ्याला आत उतरून डोळा पृष्ठाच्या पातळीत आणावा लागे. एका वाडग्यात जिथे पोकळी, तिथे दुसऱ्यात संगमरवर, त्यामुळे दोन्ही मिळूनच आकाश पुरं होतं. आजचा पर्यटक मात्र कडेला उभा राहून वरून पाहतो. व्हीआर हेडसेट त्याला त्या वाटेत उतरवू शकतो, डोक्यावर अठराव्या शतकातली रात्र पसरू शकतो, दिवसभराचा सूर्य दोन मिनिटांत फिरवू शकतो. राजवाडा किंवा देऊळ हेडसेटमधून पाहणं ही प्रत्यक्ष जाण्याची उणी भरपाई असते. इथे मात्र प्रत्यक्ष जाऊनही जे दिसत नाही, ते दिसू शकतं.

याची वाट दाखवणारं काम झालेलं आहे. कॉर्नेल विद्यापीठात छायाचित्रण शिकवणाऱ्या बॅरी पर्लस यांनी जयसिंहाच्या उरलेल्या चारही वेधशाळांची, म्हणजे जयपूर, दिल्ली, उज्जैन आणि वाराणसीची, चौफेर फिरवून पाहता येणारी छायाचित्रं आणि यंत्रांची त्रिमितीय प्रारूपं केली. त्यांचं ‘सेलेस्टियल मिरर’ हे पुस्तक २०२० मध्ये आलं. मथुरेची पाचवी वेधशाळा केव्हाच नष्ट झाली. तिचं असं दस्तावेजीकरण करायला कुणी नव्हतं.

तरी प्रारूप करणाऱ्यांकडून दोन गोष्टींचा आग्रह धरायला हवा. पहिली सावलीची. सूर्य बिंदू नाही, त्याला रुंदी आहे. म्हणून सम्राट यंत्रावरची सावली कडेला विरघळत जाते आणि काही सेंटिमीटरांचा धूसर पट्टा उरतो. त्यातून नेमकी कड शोधणं हेच वेध घेणाऱ्याचं कौशल्य. संगणकावर सूर्य बिंदू मानला की सावली सुरीसारखी धारदार येते, देखणी दिसते आणि ते कौशल्य पुसून टाकते. दुसरी गोष्ट काळाच्या थरांची. १९०१-०२ मध्ये ब्रिटिश अधिकारी गॅरेट आणि पंडित चंद्रधर शर्मा गुलेरी यांनी इथे मोठी दुरुस्ती केली. हे गुलेरी म्हणजे पुढे ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा लिहिणारे. तेव्हा विशीही न गाठलेले. आज लेझरने जे मोजलं जाईल त्यात त्या दुरुस्तीचाही वाटा असेल. जयसिंहाचा दगड कोणता आणि नंतरचा कोणता, हे प्रारूपात वेगवेगळ्या रंगांत दाखवणं सहज शक्य आहे. ते न दाखवणं म्हणजे अर्धा इतिहास लपवणं.

माणसांचीही नोंद व्हायला हवी. दर आषाढी पौर्णिमेला जयपूरचे ज्योतिषी सम्राट यंत्रावर चढून ध्वज धरतात, वाऱ्याची दिशा पाहतात आणि पावसाचा अंदाज सांगतात. तो अंदाज हवामानशास्त्राच्या कसोटीला उतरो न उतरो, या यंत्राशी शहराचं आजवर जपलेलं नातं तेच आहे. पुढच्या आषाढी पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी ३६० अंशांचा कॅमेरा आणि चांगला मायक्रोफोन घेऊन कुणीतरी त्या जिन्यावर असायला हवं, आणि ती नोंद यंत्राच्या त्रिमितीय प्रारूपालाच जोडली जायला हवी.