“काही होत नाही, घरी जा!”

डॉक्टरांच्या तोंडच्या ज्या वाक्यांनी आजवर अनेकांना धीर दिला आणि तितक्याच जणांना चीड आणली, त्यांत ‘काही होत नाही’ या तीन शब्दांचा नंबर पहिला लागावा. सर्दी-पडशाने हैराण झालेल्या माणसाला ते ऐकून बरे वाटते. पण नुकतेच दिवस गेलेली, पोटात कळ आली म्हणून रिक्षा करून धावत आलेली, दोन तास बाकावर बसून चार मिनिटांत बाहेर पडलेली बाई जिना उतरताना मनाशी म्हणते, “काही होत नाही, हे यांना कसे कळले? मला तर होते आहे ना!”

घरी आल्यावर ती हे बोलून दाखवते. सासूबाई म्हणतात, “आमच्या वेळी कुठे गं होते डॉक्टर? चार बाळंतपणे झाली, पण नाडीसुद्धा कुणी पाहिली नाही!” नवरा म्हणतो, “पटत नसेल तर उद्या दुसरी डॉक्टर बघू.” एकीच्या मते तक्रारीला जागाच नाही, दुसऱ्याच्या मते दुकान बदलले की काम झाले. तिची तक्रार नेमकी काय आहे, हे मात्र दोघेही विचारीत नाहीत; आणि पुष्कळदा ते तिचे तिलाही नीट उमगलेले नसते.

म्हणून आधी ही तक्रार तांदूळ निवडावेत तशी निवडून पाहावी. तिच्यात तीन जिन्नस मिसळलेले असतात. एक, डॉक्टर तुसडेपणाने बोलले. दुसरा, त्यांनी केले ते योग्यच, पण का केले ते सांगितले नाही. आणि तिसरा, जे करायला हवे होते ते केलेच नाही. पहिल्या प्रकाराने मन दुखते, दुसऱ्याने झोप उडते. तिसऱ्याने मात्र क्वचित जिवावर बेतते. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

तीन महिन्यांचे मौन

आपल्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत गोड बातमी बाहेर फोडत नाहीत. त्यामुळे होते काय, की पोट दिसू लागल्यावर जिला बसायला जागा आणि खायला चिंचा मिळतात, तीच बाई पहिल्या तीन महिन्यांत ओकाऱ्या दाबून लोकलच्या गर्दीत उभी असते. शेजारणींना सांगायचे नाही, कचेरीत सांगायचे नाही, माहेर दूर. मग मनातले सारे बोलायला एकच जागा उरते: दवाखाना. आणि तिथे चार मिनिटे!

डॉक्टरांची बाजूही आहे. बाहेर पन्नास बायका बसलेल्या, मध्येच एखादीचे बाळंतपण अडलेले. शिवाय ओकाऱ्या, मळमळ, थकवा, पोटात बारीक ओढ हे सारे त्यांच्या दृष्टीने रोजचेच. पण जे डॉक्टरांना रोजचे, ते त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदाच होत असते. असमाधानाची अर्धी कहाणी इथेच आहे.

न सांगितलेले शहाणपण

पाचव्या आठवड्यात केलेल्या सोनोग्राफीत पुष्कळदा नुसती पिशवी दिसते. बाळाच्या हृदयाचे ठोके साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात दिसू लागतात. त्यातून गर्भारपणाचे आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी मागे-पुढे होत असेल तर हिशेब आठ-दहा दिवसांनी सहज चुकतो. तेव्हा “दहा दिवसांनी या” हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर असते. पण ‘एवढ्या लवकर दिसत नाही, म्हणून दहा दिवस थांबू’ हे पुढचे वाक्य न बोलल्यामुळे त्या बाईचे दहा दिवस कसे जातात, ते तिचे तिलाच ठाऊक.

रक्ताचा डाग दिसला तरी तेच. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे चौघींपैकी एकीला थोडेफार रक्त जाते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचे गर्भारपण पुढे नीट चालते. ज्यांचा गर्भ पडतो, त्यांत सुमारे निम्म्या वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. पपई खाल्ली, जिना चढली, कळशी उचलली, म्हणून तो पडत नाही. आणि खाटेवर पडून राहिल्याने तो टिकतो, असेही दिसून आलेले नाही. मागे गर्भपात झालेला असून आता रक्त जात असेल तर प्रोजेस्टेरॉनचा उपयोग होतो. सरसकट सर्वांना नाही. तेव्हा इंजेक्शन न देणारे डॉक्टर निष्काळजी आणि भारंभार औषधे लिहिणारे काळजीवाहू, असे समजणे धोक्याचे आहे.

किती धोक्याचे, ते इतिहासाने दाखवून दिले आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे औषध बाजारात आले. झोपेसाठी निघालेले हे औषध गर्भवतींच्या मळमळीवरही दिले जाऊ लागले. १९६१ च्या अखेरीस ते तिथे मागे घेण्यात आले, तोवर देशोदेशी सुमारे दहा हजार बालके हात-पाय खुंटलेली किंवा इतर व्यंगे घेऊन जन्मली होती. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या सरकारी अधिकारी बाईंनी पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी अडवून धरली, आणि तिथली असंख्य मुले वाचली.

गर्भ टिकावा म्हणून डीईएस हे संप्रेरकही अमेरिकेत वर्षानुवर्षे दिले गेले. त्याचा उपयोग होत नाही, हे १९५३ साली शिकागोच्या चाचणीत दिसले, तरी ते चालूच राहिले. पुढे बॉस्टनमध्ये तरुण मुलींना योनीचा एक दुर्मिळ कर्करोग झालेला आढळू लागला. त्यांतल्या एकीच्या आईने डॉक्टरांना विचारले, “हिच्या वेळी मी ते औषध घेतले होते, त्यामुळे तर नसेल?” तेथून शोध सुरू झाला. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आठपैकी सात मुलींच्या आयांनी ते औषध घेतलेले निघाले. एका आईचा प्रश्न डॉक्टरांनी कानांआड केला नाही, एवढ्यावरून केवढे उघडकीस आले!

एक तक्रार मात्र कुणी करूच नये: “मुलगा की मुलगी, तेवढे डॉक्टर सांगत नाहीत.” ते सांगणे गुन्हा आहे. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९८८ सालीच कायदा केला आणि १९९४ साली तो देशभर झाला. न सांगणारे डॉक्टर आपले काम चोख करीत आहेत.

येथे गप्प बसू नये

आता तिसरा जिन्नस. पुढील गोष्टींत ‘काही होत नाही’ ऐकून घरी जाऊ नये.

पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर किंवा घेरी, खांद्याच्या टोकाशी दुखणे. रक्त जात असो वा नसो. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजल्याची ही लक्षणे असू शकतात. शंभरात एखाद-दुसरीलाच असे होते, पण नळी फुटली तर तास-दोन तासांत जीव धोक्यात येतो. सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयातच आहे हे दिसेपर्यंत ही शंका फेटाळता येत नाही.

ओकाऱ्या इतक्या की घोटभर पाणीही राहत नाही, लघवी गडद आणि अगदी थोडी, वजन उतरते आहे. पन्नास किलोच्या बाईचे अडीच किलो वजन घटले तर त्याला डोहाळे म्हणून हसू नये. तो आजार आहे; त्याला सलाइन लागते, आणि गर्भाला सुरक्षित अशी औषधेही आहेत.

दोन तासांत दोन पॅड भिजतील असा रक्तस्राव, ताप, लघवीची जळजळ, यांतही थांबू नये. फीट, मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब यांची गोळी चालू असेल, तर ती चालू ठेवायची, बदलायची की थांबवायची, याचे उत्तर पहिल्याच भेटीत मिळाले पाहिजे. आपल्या मनाने ती बंद करू नये.

शिवाय काही तपासण्या दर गर्भवतीच्या हक्काच्या आहेत: वजन, रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन, साखर, रक्तगट, आणि एचआयव्ही, गुप्तरोग व कावीळ-बी यांची तपासणी. आपल्या देशात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ५२ टक्के गर्भवतींना पंडुरोग आढळला. तेव्हा डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली की झाले, असे नाही. रक्तगट निगेटिव्ह असून रक्त गेले, तर अँटी-डीचे इंजेक्शन हवे की नको, हे स्पष्ट विचारावे. फॉलिक ॲसिडची गोळी पहिल्या तीन महिन्यांतच लागते. ती कुणी लिहून दिली नसेल तर आपणहून आठवण करावी.

विचारावे कसे?

डॉक्टरांपुढे बसले की अर्धे प्रश्न विसरतात. म्हणून चिठ्ठीवर लिहून न्यावे: शेवटच्या पाळीची तारीख, त्रास कधीपासून, किती वेळा, चालू औषधे. घरचे कुणीतरी बरोबर असावे, पण बोलावे आपणच. प्रश्न तीन पुरेत: “डॉक्टर, हे कशामुळे होत असेल? दुसरे काही नाही ना, हे कशावरून कळेल? कोणते लक्षण दिसले तर लगेच यावे, आणि रात्र असेल तर कुठे जावे?” उत्तर ऐकल्यावर आपल्या शब्दांत एकदा म्हणून दाखवावे, “म्हणजे रक्त वाढले किंवा कळ आली तर थांबायचे नाही, असेच ना?” याला दोन मिनिटे लागतात. गर्दीतलेही बहुतेक डॉक्टर तेवढी देतात. दिली नाहीत, तर आपल्याला जे कळायचे ते कळले.

डॉक्टर बदलताना

तुसडेपणा एक वेळ सोसता येईल, कारण काही तुसड्या डॉक्टरांचा हात फार चांगला असतो. पण प्रश्नाचा राग येत असेल, कागद मिळत नसतील किंवा वरीलपैकी काही दोनदा सांगूनही तपासले जात नसेल, तर बदल करावा, आणि तो लवकर करावा. पाचव्या महिन्यापेक्षा तिसऱ्यात तो सोपा जातो. मात्र पहिले सोडून दुसरे मिळेपर्यंत मध्ये रिकामे राहू नये.

जाताना कागद न्यावेत. वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांनुसार, मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क असल्याचे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या सनदेत नमूद आहे. त्यात कृतघ्नपणा मुळीच नाही. खरोखर हयगय झाली असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे दाद मागता येते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालापासून, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते.

खाजगी दवाखाना परवडत नसेल तर आशाताईंना सांगून सरकारी केंद्रात नाव घालावे. दर महिन्याच्या ९ तारखेला तिथे गर्भवतींची मोफत तपासणी असते. आणि अडचण रात्रीची असेल तर १०८ क्रमांक लावावा, सकाळची वाट पाहू नये.

राहता राहिल्या सासूबाई. “आमच्या वेळी” हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण त्या वेळी काय झाले, तेही सांगितले पाहिजे. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. योग्य उपचार मिळाला नाही, हे दुःख त्या बाईने नशिबावर घातले नाही. समुद्र ओलांडून १८८६ साली फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधाला विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच. आपल्या सुनेला एवढे करायचे नाही. तिला फक्त उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन तीन प्रश्न विचारायचे आहेत. सासूबाईंनी तिच्याबरोबर जावे आणि उत्तर मिळेपर्यंत तिच्याशेजारी बसावे.