कूस बदलण्याचे शास्त्र

तुमचे काम काय, असे कोणी विचारले की मी जरा सावध होते. ‘व्यवसायोपचार’ म्हणून सांगावे, तर समोरचा गृहस्थ आपल्या बेकार भाच्यासाठी कुठे चिकटवता येईल का, अशी हळूच चौकशी करतो. ‘ऑक्युपेशनल थेरपी’ म्हणावे, तर तो गंभीरपणे मान डोलावतो आणि आपली दुखरी कंबर पुढे करतो. दोघांचेही समाधान करणे माझ्या हाती नसते.

खरे म्हणजे गोष्ट सोपी आहे. व्यवसाय म्हणजे केवळ पोट भरण्याचा धंदा नव्हे. सकाळी उठून तोंड धुणे, सदरा घालणे, भाकरी थापणे, नातवाला मांडीवर घेणे, देवापुढे दिवा लावणे, हे सारे माणसाचे व्यवसायच. आजाराने ही कामे हातातून सुटली की माणूस जिवंत असूनही घरातून वजा होतो. ती कामे त्याला पुन्हा, पूर्वीसारखी नाही तर वेगळ्या रीतीने, करता यावीत म्हणून जी खटपट करायची तिचे नाव व्यवसायोपचार.

या शास्त्राची संघटित सुरुवात १९१७ साली अमेरिकेत झाली. तिच्या संस्थापकांपैकी जॉर्ज बार्टन हे वास्तुशिल्पी स्वतःच अर्धांगाने पंगू झालेले होते. आपल्याकडे हे शास्त्र आणले ते कमलाबाई निंबकर यांनी. बाई मूळच्या अमेरिकन, माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. निंबकरांच्या घरी सून म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. फिलाडेल्फियास जाऊन त्यांनी हे शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. आशिया खंडातील ती पहिली. १९५२ साली जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. पुढे १९५८ साली नागपुरास दुसरी शाळा निघाली आणि विदर्भातल्या मुलामुलींना हे शिक्षण घराजवळ मिळू लागले. मीही त्यांतलीच एक.

नवे विद्यार्थी येतात ते मोठ्या उत्साहाने. त्यांना वाटते, पहिल्याच दिवशी आपण रुग्णाच्या हातात करवत नाही तर हातमाग देणार. मी त्यांना सांगते, पहिला धडा हातमागाचा नाही, अंथरुणाचा आहे. ज्या माणसाला अंथरुणात नीट ठेवता येत नाही त्याला पुढे कोणताच व्यवसाय शिकवता येणार नाही.

हे बोलणे कोणाला अतिशयोक्तीचे वाटेल. पण इतिहास पाहा. पाठीचा कणा मोडलेला माणूस पूर्वी त्या मोडीने फारसा मरत नसे, तो मरत असे पाठीला पडलेल्या जखमांनी आणि लघवीच्या दोषाने. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी जखमी सैनिकांसाठी विभाग काढला आणि दंडक घातला की दिवस असो वा रात्र, दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदललीच पाहिजे. माणसे जगू लागली. १९४८ साली लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी गुटमन यांनी चाकांच्या खुर्चीतल्या रुग्णांची तिरंदाजी भरवली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक जन्मास आले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे आपल्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. एवढ्या मोठ्या वृक्षाचे बीज काय, तर वेळेवर बदललेली कूस!

पुस्तकात हे सारे फार सुबक असते. खाली-वर होणारा पलंग, सहा उशा, दोन परिचारिका. आमच्या खेड्यापाड्यांत काय असते, ते दाखवावे म्हणून मी एका पावसाळ्यात तीन विद्यार्थिनींना घेऊन कारध्यास गेले.

कारधा म्हणजे भंडाऱ्यासमोर, वैनगंगेच्या पैलतीरावरचे गाव. नागपूरपासून साठेक किलोमीटर. पूर आला की कारध्याच्या पुलापाशी पाणी किती चढले, ही बातमी साऱ्या जिल्ह्यात फिरते. मुलूख धानाचा. आम्ही गेलो तेव्हा रोवणीचे दिवस होते आणि गावातल्या बाया चिखलात वाकलेल्या होत्या.

ज्या घरी गेलो तेथले बाबा जन्मभर नदीत मासे धरलेले. सत्तरीच्या पुढे वय, डाव्या अंगावरून लकवा गेलेला. एका रुग्णालयातून त्यांना पंधरा दिवसांनी घरी पाठवले होते. सोबत गोळ्यांची चिठ्ठी होती, पण कसे निजवावे आणि कसे बसवावे, याचा एक शब्द नव्हता. बाबा बाजेवर उताणे. बाज मधोमध झोळीसारखी खचलेली. कंबरेखाली कोणाच्या तरी सल्ल्याने मोटारसायकलच्या चाकाची फुगवलेली ट्यूब. सुनेने त्यांना कुशीवर केले, तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढा काळसर डाग दिसला. बोटाने दाबला तरी त्याचा रंग पालटेना. बाजूच्या कातडीपेक्षा तो गरम आणि जरा टणक लागत होता.

मुलींचे चेहरे उतरले. गोऱ्या कातडीवर हा डाग लाल दिसतो, पुस्तकात तसेच चित्र असते. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असे नाही, म्हणून डोळ्यांइतकाच हाताचा उपयोग करावा लागतो. कातडी फाटण्याआधीची ही शेवटची सूचना असते. हाड आणि अंथरूण यांच्या चिमट्यात मांस सापडते, रक्त पोचत नाही आणि मांस उपाशी मरते. निरोगी माणूस झोपेतही नकळत हलतो म्हणून वाचतो. ज्याला हलता येत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी हलावे लागते.

आधी ती ट्यूब काढली. तिने मधल्या डागाला आराम मिळतो, हा भ्रम आहे. कडेने दाब पडून उलट मधला रक्तपुरवठाच तुटतो. डागावर तेल चोळणेही बंद केले. पायथ्याकडची दोरी ताणून बाज सरळ केली, वर फळी आणि जाड गादी घातली. घरात उशी एकच होती. पण गोधड्या होत्या, जुनी लुगडी होती. त्यांच्या गुंडाळ्या करून आम्ही पाच उशा तयार केल्या.

मग तीन आसने ठरली. लुळ्या कुशीवर निजवताना खांदा हलकेच पुढे घ्यायचा, म्हणजे अंगाचा भार खांद्याच्या टोकावर येत नाही. चांगल्या कुशीवर असताना लुळा हात समोरच्या गुंडाळीवर, खांद्याच्या उंचीला ठेवायचा, मनगट लोंबू द्यायचे नाही आणि लुळा पाय गुडघ्यात वाकवून दुसऱ्या गुंडाळीवर. उताणे असताना लुळ्या खांद्याखाली घडी आणि पोटऱ्यांखाली गुंडाळी, अशी की टाचा अधांतरी राहाव्यात. कूस म्हणजे पूर्ण आडवी कूस नव्हे. पाठीमागे आधार देऊन अंग तिरपे ठेवायचे, नाहीतर सारा भार खुब्याच्या हाडावर जातो. डाग विरेपर्यंत उताणे निजणे फक्त थोडा वेळ. आणि रुग्णाला हात धरून कधी ओढायचे नाही. लकव्यात खांद्याचा सांधा सैल झालेला असतो, एका हिसक्यात तो कायमचा दुखावतो. अंगाखाली लुगड्याची घडी घालून ती दोघांनी दोन बाजूंनी उचलावी.

सून सारे शांतपणे पाहत होती. शेवटी म्हणाली, “समजलं, मॅडम. पण रोवणा चालू आहे. एक दिवस नाही गेली तर त्या दिवसाची रोजी बुडते. दर दोन घंट्यानं मामाजीले कोन पलटवनार जी?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्या एकाही पुस्तकात नव्हते. नवरा ट्रकवर, घरात पाचवीतला मुलगा, शेजारी एक म्हातारी मावशी. ती रोजी बुडाली तर चूल बुडते आणि ती बाबांजवळ नसली तर डागाची जखम होते. सुनेने अधिक कष्ट करावेत, असा उपदेश करणे सोपे होते. पण ती पहाटे चारपासून उभी होती.

मार्ग काढला तो एका विद्यार्थिनीने. तिने तीन आसनांना तीन नावे दिली: नदीकडे, भिंतीकडे, आढ्याकडे. मुलाकडून भिंतीवर खडूने तीन चित्रे काढून घेतली. मग घड्याळ बाजूला ठेवून घरच्या कामांनाच वेळ बांधली. सकाळच्या चहाला नदीकडे, सून शेतावर निघताना भिंतीकडे. पुढच्या पाळ्या मावशीच्या, शाळा सुटल्यावर मुलाच्या. उचलायला दोघे हवेत म्हणून शेजारचा एक तरुणही कबूल झाला. पाळी झाली की चित्राखाली एक रेघ. रात्रीच्या दोन पाळ्या सुनेने आणि दोन मुलाने वाटून घेतल्या. चांगली फोमची गादी असली आणि कातडी निरोगी असली तर हे अंतर वाढवता येते, पण ते रुग्णाला तपासून ठरवायचे. या घरी ती मुभा नव्हती.

जेवणाचीही रीत बदलली. आडवे निजवून पाणी पाजणे बंद. ताठ बसवून, हनुवटी जराशी खाली, लहान घास, आणि नंतर अर्धा तास तसेच बसते ठेवणे. लकव्यात पातळ पदार्थ श्वासनळीत उतरण्याचे भय असते. खाताना ठसका लागला किंवा आवाज घोगरा झाला, तर थांबून डॉक्टरांना दाखवायचे. ताटाखाली ओले फडके घातले म्हणजे ते सरकत नाही. पुढून उघडणारी बंडी घालताना लुळा हात आधी, काढताना तो शेवटी. या उपकरणांना खर्च काय आला म्हणाल, तर काहीच नाही.

पुढच्या फेरीत, तीन आठवड्यांनी, डाग विरलेला होता. भिंतीवर रेघांचे रानच उगवले होते. बाबा आता आधाराने बसत होते. तेव्हा कुठे आम्ही ‘व्यवसाया’कडे वळलो. कोपऱ्यातले फाटके जाळे खांबाला बांधले, त्याची दुसरी कड लुळ्या हाताच्या वजनाने दाबून धरवली आणि विणायची सुई उजव्या हातात दिली. पहिली गाठ सुटली, दुसरी सुटली, तिसरी बसली. बाबा माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “बाई, सुई आहे, पन सूत जुनं आहे. नवं आनाले सांगा.” त्यांचा डावा हात पूर्वीसारखा झाला नाही, होणारही नव्हता. पण घरातल्या व्यवहारात त्यांचा शब्द पुन्हा चालू लागला.

विद्यार्थ्यांना मी आता सांगते, रुग्ण पाहण्याआधी घर पाहा. बाज कशी आहे, घरात किती लुगडी आहेत, सून केव्हा निघते, मुलगा केव्हा परततो, हीच तुमची साधनसामग्री. २०२१ सालच्या कायद्याने आमच्या व्यवसायास आता रीतसर स्थान दिले आहे, ही आनंदाची गोष्ट. पण कायदा काही रात्री दोन वाजता उठून कोणाची कूस बदलणार नाही. ते काम घरातल्या माणसांचे, आणि बहुतेक घरी ते एकाच बाईच्या माथी असते. ते चौघांत वाटून देणे, हाही उपचारच.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दारी कंदील लागलेला असेल. घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर फराळाचे ताट नेण्याआधी त्यांच्या टाचा आणि पाठ एकदा हाताने पाहा. आणि त्यांची खाट भिंतीकडे तोंड करून असेल, तर ती दाराकडे वळवा. पणत्या त्यांनाही दिसल्या पाहिजेत.