दोन्ही टोकांची सही

पहाटे ५

हिवाळ्यात सावरगावला पाच वाजता अंधारच असतो. उठल्याबरोबर पहिला फोन येतो तो मामाचा, नरखेडकडून. "का रे बापू, तुमच्याकडं लाईन हाये का?" त्यांच्याकडे पंपाची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. आमच्याकडे शेतीला दहा तास, घराला चोवीस तास. बागा सारख्या, संत्रा एकच, सोयरीकही एकच. राज्ये मात्र दोन: त्यांचे महाराष्ट्र, आमचे मध्य प्रदेश. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवसापासून ती भोपाळ झाली. मामाची बाग आणि आमची बाग तेव्हापासून वेगवेगळ्या कार्यालयांच्या हिशेबात गेल्या.

सकाळी ७.३०

डबा घेऊन जाम नदीच्या पुलावरून निघतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच पात्रात पळसाचे झाड रोवतात. एका काठावर सावरगाव, दुसऱ्या काठावर पांढुर्णा, आणि मधे दगडांचा पाऊस. या गोटमारीत दरवर्षी माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत. लहानपणी मीही त्या काठावर उभा राहिलो आहे. आज बाप म्हणून त्या दिवशी पोरांना घराबाहेर सोडवत नाही. शेजाऱ्याशी असलेले नाते दगडाने सिद्ध करायची गरज नाही, हे मला माझ्या नोकरीने शिकवले.

सकाळी ८

मी सबस्टेशनवर ऑपरेटर आहे, ३३/११ केव्ही. रात्रपाळीवाल्याकडून चार्ज घेतो, लॉगशीटवर सही करतो. दर तासाला व्होल्टेज आणि प्रत्येक फीडरचे अँपिअर लिहायचे. मीटरचे बटण दाबत गेले की फ्रिक्वेन्सी दिसते. आज ४९.९८ हर्ट्झ. हा आकडा ४९.९० ते ५०.०५ च्या मधे राहायला हवा. नव्या माणसाला मी नेहमी हाच आकडा दाखवतो. नागपूरला हाच, गुवाहाटीला हाच, आणि तारा जोडलेल्या असल्यामुळे भूतान-नेपाळातही हाच. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईन जोडली गेली आणि दक्षिण भारतही याच ठोक्यावर आला. कुठे कोणी कबुलीपेक्षा जास्त वीज ओढली, तर हा आकडा सगळीकडे एकदमच खाली येतो.

सकाळी १०.१५

गावठाण फीडरवर जंपर जळाला. लाईनमन दारात येऊन म्हणतो, "भाऊ, परमिट द्या जी."

माझ्या लेखी दिवसातले सर्वांत मोठे काम हेच. ब्रेकर उघडतो, आयसोलेटर उघडून डोळ्यांनी खात्री करतो, कुलूप लावतो आणि किल्ली खिशात टाकतो. पॅनलवर 'काम चालू आहे' ही पाटी लटकवतो. मग परमिट बुकात फीडर, पोल, वेळ लिहायची. एक सही माझी, एक त्याची. तो परमिट परत करेपर्यंत, वरून कोणाचाही फोन आला तरी ती लाईन चालू होत नाही.

आणि तरीही तो पोलवर चढण्याआधी लाईन तपासतो आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग लावतो, म्हणजे तारा जमिनीशी जोडतो. मी सही दिली, मग तो अर्थिंग कशाला लावतो? कारण कुणाच्या जनरेटरची उलटी वीज लाईनवर येऊ शकते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी हे डोळ्यांनी पाहिले. अर्थिंग होते म्हणून पोलवरचा माणूस संध्याकाळी घरी गेला. त्यात माझ्यावरचा अविश्वास कुठेच नसतो. सही आणि अर्थिंग, दोन्ही मिळून एक परमिट होते.

दुपारी १

परमिट परत आले, लाईन चार्ज केली. डबा उघडला.

कबुलीपेक्षा जास्त ओढले की काय होते, यावरून ३० जुलै २०१२ आठवतो. पहाटे अडीचच्या सुमारास आमच्याच राज्यातली बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाईन ट्रिप झाली आणि अख्खा उत्तर ग्रिड बसला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही एकदम बसले. सुमारे साठ कोटी लोक अंधारात गेले. उत्तरेतली राज्ये ठरल्यापेक्षा जास्त ओढत होती आणि लाईनवरचा भार वाढत गेला. आपला पश्चिम ग्रिड वेगळा झाला, म्हणून वाचला. आणि मग त्यानेच शेजाऱ्यांना उभे राहायला वीज पुरवली.

दुपारी ३

पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाची बातमी वाचली. तिथले पेंच वीजघर १६० मेगावॅटचे; दोन भाग मध्य प्रदेशाला, एक भाग महाराष्ट्राला. वाटणी कागदावर आहे, म्हणून विजेवरून भांडण ऐकू येत नाही. पाण्यावरून मात्र ते ऐकू येते. वर चौराईजवळ माचागोऱ्याचे धरण झाले, तोतलाडोहात येणारे पाणी घटले, आणि नागपूरला पिण्याच्या पाण्याचा घोर लागला. दोन्ही बाजूंना तहान खरी आहे. पाऊस कमी पडला तर कोणी किती सोडायचे, हे कोरड्या वर्षाआधीच बसून ठरवायला हवे.

सायंकाळी ७

मुलगी एमपीपीएससीचा अभ्यास करते. "बाबा, सार्क देशांचा वीज-करार २०१४ ला काठमांडूत झाला. मग सगळे एकमेकांना वीज का देत नाहीत?"

मी परमिट बुकाचीच भाषा बोलतो. भूतानशी आपले जमले, कारण चुखा वीज प्रकल्पापासून कोण बांधणार, कोण घेणार, हे लिहिलेले होते. बांगलादेशाशी २०१३ ला भेडामाऱ्याला जोड दिला, तो एचव्हीडीसीचा. वीज जाते, पण दोघांची फ्रिक्वेन्सी आपापली राहते; ते त्यांचे अर्थिंग समज. नेपाळची गोष्ट कठीण. २०१५ ला सीमेवर टँकर अडकले आणि तिथल्या चुली थंडावल्या. ती आठवण त्यांच्या मनातून गेलेली नाही. २०१९ ला मोतिहारी-अमलेखगंज पाइपलाइन सुरू झाली, २०२४ ला नेपाळची ४० मेगावॅट वीज भारतातून बांगलादेशाला गेली. पण चिनी गुंतवणुकीच्या प्रकल्पाची वीज भारत घेत नाही, आणि नेपाळला ते बोचते.

"मग बरोबर कोण?"

"भारताला आपली सुरक्षा पाहावी लागते, तेही अर्थिंगच आहे. पण अर्थिंग कुठे लावले, हे समोरच्याला आधी माहीत हवे. मोठ्या शेजाऱ्याने तर ते जास्तच सांभाळावे, कारण ब्रेकर त्याच्या हातात असतो."

तिने वहीत लिहून घेतले.

रात्री १०

पुन्हा मामाचा फोन. "आली बापू लाईन. मोटार चालू कराले निंगालो."

"मामा, बॅटरी घेऊन जा. हात कोरडे ठेवा. आणि पेटी उघडली तर, लाईन गेली असं कोणी कितीही सांगितलं तरी आधी टेस्टर लावा, मगच हात घाला."

"हो रे बाबा, तू दरवेळी हेच सांगते."

दरवेळी हेच सांगतो. अर्ध्या तासाने त्यांचा मिस कॉल आला, म्हणजे पाणी सुरू झाले. मग मी दिवा मालवला.